खाचेतली मोकळी जागा

१

बोर्ड पाण्यावरून नीट उचलला गेला, आणि मगच घात झाला.

भिंगरी शिडाची दांडी धरून मागे झुकली होती. तिच्या पायांखालचा बोर्ड चांगला हातभर हवेत होता आणि पाण्यात होतं ते फक्त फॉइल. बोर्डाच्या पोटाला उभा जोडलेला लांब, पातळ खांब आणि त्याच्या खालच्या टोकाला माशाच्या परांसारखे पंख, असं ते फॉइल. त्या खांबाला या खेळातले लोक मास्ट म्हणतात. वारा भरला की पंख पाणी कापतात आणि बोर्डासकट माणसाला वर उचलतात. किनाऱ्यावरून बघणाऱ्याला वाटावं, ही पोर पाण्यावर नाही, नुसत्या वाऱ्यावर उभी आहे.

मग लाकडी पेटीचं झाकण आपटावं तसा आवाज झाला. मास्ट आपल्या खाचेत हलला, बोर्डाचं नाक पाण्यात घुसलं आणि भिंगरी शिडापलीकडे फेकली गेली. देवाच्या दयेने मनगटावर निभावलं.

बोर्ड तिच्या वडिलांनी बनवलेला होता. मास्टही त्यांनीच स्वतःच्या हाताने बसवला होता. त्यांना जाऊन वर्ष उलटलं होतं. कार्यशाळेतच, कामाच्या टेबलाशी, बोलता बोलता गेले. त्यानंतर कार्यशाळा त्यांच्या धाकट्या भावाने सांभाळली. त्या सकाळी मास्टचे दोन्ही बोल्ट आवळले तेही त्यानेच, म्हणजे भिंगरीच्या काकांनी.

प्लॅस्टरमधला हात गळ्यात अडकवून भिंगरी दवाखान्याच्या बाकावर बसली होती. तिथेच ती बोलून गेली, "काका, तुम्हीच काहीतरी केलंत. मी जाऊ नये म्हणून."

जायचं होतं ते लांबच्या प्रशिक्षण केंद्रात. निदान वर्षभरासाठी, आणि वडिलांचा बोर्ड घेऊन. बोर्ड नेऊ नकोस, तो इथेच राहू दे, असं काका चारचौघांत म्हणाले होते, हे खोटं नव्हतं.

काकांनी दवाखान्याचं बिल भरलं. घरी येऊन कार्यशाळेच्या किल्ल्या वहिनीसमोर, म्हणजे भिंगरीच्या आईसमोर, ठेवल्या, आपली अवजारं गुंडाळायला घेतली आणि मधल्या बहिणीला फोन केला.

"ताई, मी रविवारी निघतो इथून. तुला कळवायचं म्हणून केला."

"काय झालं?"

"काही नाही. माझ्या हाताखालून पोर पडली. आणि मी ते मुद्दाम केलं म्हणतायत."

ताईने फोन ठेवला आणि पिशवी भरायला घेतली.

२

ताई, म्हणजे भिंगरीची आत्या, उभी हयात मोडक्या होड्या तपासत आली होती. विम्याचा दावा आला की कंपनी तिला पाठवायची. होडी आपटून फुटली की फोडली, हे ती तुटलेल्या कडेवर बोट फिरवून सांगायची. आवाज इतका हळू की समोरच्याला आपोआप पुढे झुकावं लागे. कुणावर ठपका ठेवण्याआधी मनातल्या मनात देवाला एकच मागणं मागायची: चूक असेल तर माझी जीभ अडव.

कार्यशाळेत बोर्ड लाकडी घोड्यांवर पालथा पडला होता. मास्ट शेजारी काढून ठेवलेला.

"मला काही येत नाही असं समजून सांग," आत्या म्हणाली.

"तुला येत नाहीच," काका म्हणाले. कितीतरी वेळाने त्यांना जरासं हसू आलं. "हे बघ. मास्टचं डोकं वर निमुळतं आहे. बोर्डातली खाचही तशीच, आत जाताना अरुंद होत गेलेली. डोकं आत सारायचं, दोन बोल्टांनी वर ओढायचं. पुढचा उतार पुढे टेकतो, मागचा मागे, आणि पाचरीसारखं घट्ट बसतं. मात्र डोक्याचा माथा खाचेच्या छताला लागता कामा नये. छताला लागला की बोल्ट घट्ट लागतात, जमिनीवर हलवून बघितलं तर दगड वाटतो, पण उतार कुठे टेकलेलेच नसतात. पाण्यात जोर आला की डोकं मागे-पुढे डुलायला लागतं."

"आणि खाचेची कड फोडतं."

"फोडलीच की." त्यांनी पुढच्या कडेवरचा तडा दाखवला. "भिंगरी म्हणते, मी मास्टचं डोकं घासून बारीक केलं."

आत्याने मास्ट खिडकीशी नेला. डोक्यावरचं काळं पॉलिश चारी बाजूंनी शाबूत होतं. कानस लागली असती तर पॉलिश आधी गेलं असतं. फक्त माथ्यावर, अगदी वरच्या सपाट भागावर, एक ताजा पांढरा ओरखडा.

"हा जुना?"

काकांनी चष्मा लावला. "नाही. हा माथा तर कधी कुठे टेकलाच नाही."

"म्हणजे आता छताला लागतोय. मास्ट बारीक झालेला नाही. मग खाच मोठी झाली."

"खाच काय पोट आहे का, मोठी व्हायला?"

"पूर्वी आत काही भरलं होतं?"

काकांचा चेहरा एकदम ताठ झाला. "दादाच्या बोर्डात? छे! त्याच्यासमोर असं बोलली असतीस तर घराबाहेर काढलं असतं त्याने तुला."

आत्याने बोट खाचेत घातलं. मागचा उतार गुळगुळीत होता. पुढचा खरखरीत, पापुद्रा निघाल्यासारखा. तोंडाजवळ भिंतीत एक बारीक दाब उमटला होता, गोल टोकाच्या पात्याचा. तिने भिंतीवरची अवजारं एकेक बघितली. पटाशी चौकोनी, कानस चपटी, कटर अणकुचीदार. गोल टोकाचं काहीच नव्हतं.

"धाकट्या," ती हळूच म्हणाली, "यातून काहीतरी काढून नेलंय कुणीतरी."

३

मास्तर, म्हणजे भिंगरीचे प्रशिक्षक, धक्क्यावर शिडं सुकवत होते. मोठ्या तोंडाचा माणूस.

"या या, आत्याबाई! मलाही पकडायला आलात ना? आधीच सांगतो, तो बोर्ड मला आवडत नव्हता. आता जमाना पट्टीचा आहे. मास्टला सपाट पट्टी, चार बोल्ट, बोर्डाला दोन रुळ. हवं तसं पुढे-मागे सरकवा. ते खाचेचं लफडंच नको. एकाचा मास्ट दुसऱ्याच्या बोर्डात बसेल तर शपथ!"

"मग तिला नाही म्हणायचं."

"म्हणायचं? मी प्रशिक्षक आहे. 'हा बोर्ड चालणार नाही' एवढं एक वाक्य बोललो असतो तर तिला बोर्ड बदलावा लागला असता. पोरीचा हात मोडून मला काय मिळणार? माझा या मोसमाचा घोडाच लंगडा झाला."

हे आत्याला पटलं. "मग बोलला का नाहीत?"

मास्तर शिडाची घडी घालता घालता थांबले. आवाज उतरला. "कसा बोलणार? पोर त्या बोर्डावर चढली की पाठमोरी हुबेहूब तुमच्या दादासारखी दिसते. मीसुद्धा तेवढ्यासाठी बघत बसायचो."

आत्याने शिडाचं दुसरं टोक धरून घडी पुरी केली.

"दोघे भाऊ भांडायचे का?" आत्याने विचारलं.

"रोज! धाकटा म्हणायचा, खाच किंचित सैल राहिली तर राळ भरायची, मास्टच्या डोक्याला मेण फासून आत ठेवायचा. राळ वाळली की डोक्याच्या मापाचा साचाच तयार. मेणामुळे मास्ट सुटून येतो, राळ खाचेला धरून राहते. सगळं जग असंच करतं. पण दादा? 'भरणी करतो तो कारागीर नव्हे. माझा मास्ट जन्मतःच बसतो!' धाकट्याला येता-जाता टोचायचा. 'काय रे, आज किती भोकं बुजवलीस?'"

"आणि खरंच बसायचा?"

"नेहमीच. पण गंमत सांगतो. या बोर्डाचं काम शेवटाला आलं तेव्हा दादाने एक सबंध दुपार दार आतून लावून घेतलं होतं. बाहेर आला तर अंगठा काळा. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, काही नाही, शाई सांडली."

मास्तर हसले. आत्या मात्र हसली नाही. काळी शाई त्या कार्यशाळेत असायचं काही कारण नव्हतं. काळा रंग घातलेली राळ मात्र डबाभर होती.

४

स्वयंपाकघरात वहिनी कपबशा पुसत होती. पुसून झालेल्या परत पुसत होती.

"वन्सं, बसा ना. दमला असाल."

"वहिनी, बोर्ड तुम्हीच धुता ना रोज?"

"धुते. ह्यांच्या वेळेपासूनची सवय. पोर येते, मास्ट काढते, बोर्ड अंगणात पालथा टाकून आत पळते. गोड्या पाण्याने धुतला नाही तर मीठ खातं सगळं." वहिनीचा आवाज जरा मोकळा झाला. "त्या खाचेच्या तोंडाशी पुढे एक उंचवटा आहे बघा, त्याच्या कडेला फार मीठ साठतं. तिथे बोट घालूनच धुवावं लागतं."

आत्याने कप उचलला. उंचवटा. नुकतंच तिने त्या खाचेत स्वतः बोट फिरवलं होतं, उंचवटा कुठेच नव्हता. काकांना विचारलं तर ते खाच कोरी असल्याची शपथ घ्यायला तयार होते.

"भिंगरी कुठाय?"

"झोपलीय. काकांशी बोलत नाही. त्यांनीही दोन घास खाल्ले नाहीत." वहिनी पाठमोरी झाली. "वन्सं, भाऊजींना थांबवा. ते गेले तर कार्यशाळेचं दार कोण उघडणार? मला सकाळी ते दार उघडल्याचा आवाज लागतो. हे गेले तरी तो आवाज होता."

"मी थांबवते. पण मला थोडी मदत लागेल."

वहिनी परत फडक्याकडे वळली. पावाला लोणी लावायची सुरी तिने पुसून इतर सुऱ्यांमध्ये ठेवली. टोक गोल होतं, आणि किंचित एका बाजूला वाकलेलं.

आत्याने ते बघितलं आणि मनात म्हटलं, देवा, चूक असेल तर आत्ताच अडव. देवाने अडवलं नाही.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने भिंगरीला हाताला धरून कार्यशाळेत आणलं. काका अवजारांच्या गुंडाळीला दोरी बांधत होते. वहिनी चहा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

"आत्या, मला नाही ऐकायचं काही," भिंगरी म्हणाली.

"ऐकू नकोस. फक्त बघ." आत्याने मास्टचं डोकं तिच्यापुढे धरलं. "यावर कानस लागलेली दिसते?"

भिंगरीने निरखून बघितलं. तिला हे कळायला कुणी शिकवायची गरज नव्हती. "नाही."

"मग काकांनी डोकं घासलं नाही. घासलं असतं तर पॉलिश गेलं असतं. आता माथ्यावरचा हा ओरखडा बघ. डोकं पूर्वीपेक्षा जास्त आत शिरलंय. म्हणजे त्याला खाली अडवून धरणारं काहीतरी आत होतं, ते आता नाही. राळेचा एक तुकडा. तुझ्या वडिलांनी दार लावून भरलेला."

"दादाने भरली?" काकांच्या हातातली दोरी सुटली. "शक्यच नाही."

"भरली, आणि तुझ्यापासून लपवली. राळेत काळा रंग, खाच आतून काळी, कुणाला दिसणार? म्हणून तू निर्दोष आहेस. जे तिथे आहे हेच तुला माहीत नव्हतं, ते तू काढणार कसं? त्या सकाळी तू बोल्ट आवळलेस, हलवून बघितलंस, दगडासारखा घट्ट लागला. छताला टेकून घट्ट लागला."

भिंगरी काकांकडे बघायला लागली आणि मग पटकन बोर्डाकडे.

"मग काढला कुणी? मास्तरांनी?"

"ज्याला बोर्ड बिघडवायचा असतो तो ठोकतो, फोडतो, तुकडे पाडतो. इथे एक कपचा नाही, चुरा नाही. आणि हा खाचेशेजारचा स्टिकर बघ, कसा सुरकुतलाय. उष्णतेने. कार्यशाळेतल्या गरम हवेच्या यंत्राने केलं असतं तर रंग करपला असता. इथे रंग तसाच आहे. म्हणजे उकळत्या पाण्यात कापड बुडवून, पिळून, शेकत शेकत केलेलं काम आहे हे. राळ मऊ पडेपर्यंत. आजाऱ्याला शेकावं तसं. मग गोल टोकाच्या सुरीने कडेकडेने सोडवलं." आत्या अगदी हळू बोलत होती. "कुणाला बोर्ड बिघडवायचा नव्हता ग. कुणाला तो तुकडा हवा होता. अखंड."

"राळेचा तुकडा? काय करायचाय तो?" भिंगरीने विचारलं.

आत्याने मास्ट खाली ठेवला. पुढचं बोलायचा हक्क तिचा नव्हता.

दारातून चहाचा ट्रे खाली ठेवल्याचा आवाज आला. वहिनी आत आली. पदराच्या टोकाला बांधलेली गाठ तिने सोडली. आतून बोटाएवढा काळा, चकचकीत तुकडा निघाला. एक बाजू आरशासारखी गुळगुळीत, मास्टच्या मापाची. आणि खालच्या कडेला, जिथे जादा राळ बाहेर आली होती आणि कुणीतरी ती लाकडी पट्टीने पुसायच्या ऐवजी उघड्या हाताने दाबून बसवली होती, तिथे एक अंगठा उमटला होता. रेषा न् रेषा.

"ह्यांचा आहे," वहिनी म्हणाली.

तिने आपलं बोट त्या ठशावर ठेवलं.

"रोज धुताना माझं बोट त्यात बसायचं. आधी वाटलं, खड्डा आहे. मग एकदा उन्हात बघितलं. फोटोत माणूस दिसतो हो, पण हात लावला की काच लागते. इथे..." तिने वाक्य सोडून दिलं. "बोर्ड जाणार म्हटल्यावर मला सुचेना. पोर जाते, जाऊ दे, तिचं वय आहे. पण हेही जाणार? मला वाटलं, ओघळ आहे नुसता, शोभेलासुद्धा नाही. देवाशपथ सांगते, त्यावर सगळा भार आहे हे मला माहीत नव्हतं."

"आई, मग सांगितलं का नाहीस?" भिंगरीचा आवाज फुटला. "मी काकांना काय काय बोलले!"

"कशी सांगू? माझ्या हाताने तुझा हात मोडला. आणि सांगितलं असतं तर हा परत लावायला मागितला असता तुम्ही." वहिनीने काकांकडे बघितलं. "भाऊजी, तुमच्यावर आळ येऊ दिला मी. हा घ्या. लावा परत. पण जाऊ नका."

काकांनी तुकडा हातात घेतला. आरशाची बाजू बघितली, कड बघितली, जाडी बघितली. मग त्यांच्या तोंडातून एक विचित्र आवाज निघाला. ते हसत होते.

"लबाड! भरलीस की! इतकी वर्षं मला भोकंबुजव्या म्हणत आलास आणि स्वतः दार लावून... आणि हातमोजा न घालता!" ते भिंतीकडे तोंड करून हसत होते, आणि हसता हसता त्यांचे खांदे वेगळेच हलायला लागले. "ताई, मी जिंकलो ग. आता कुणाला सांगू?"

भिंगरी उठली. चांगल्या हाताने तिने काकांच्या सदऱ्याची बाही धरली, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तशी. "मला सांगा," ती म्हणाली. "रोज सांगा. चुकले मी."

६

तुकडा परत लावायचा नाही, हे काकांनीच ठरवलं. एकदा सुटलेली राळ भार घेत नाही म्हणाले, आणि तो वहिनीच्या हातात ठेवला. ते खरं होतं की नाही, आत्याने विचारलं नाही.

भिंगरीचं जाणं ठरल्याप्रमाणे होतं, फक्त हात बरा होईपर्यंत पुढे ढकललेलं. खाचेचा तडा भरून झाला. मग एका दुपारी काकांनी कार्यशाळेची सगळी दारं सताड उघडी टाकली आणि नवी राळ कालवली. मास्टच्या डोक्याला मेण फासलं, खाचेत राळ घातली, डोकं सारलं. भिंगरी एका हाताने काटकोन तपासायचा गुण्या धरून मास्ट सरळ आहे का बघत होती आणि तोंडाने काकांना सूचना देत होती.

"डावीकडे. काका, तुमचं डावं!"

"माझं डावं मला माहितेय. तुझ्या बापालाही मीच दाखवायचो."

मास्ट उभा राहिला. आता नुसतं थांबायचं होतं. भांड्यात थोडी राळ उरली होती. काकांनी ते भांडं वहिनीच्या हातात दिलं.

"हे धरून बसा. कालवलेली राळ वाळताना तापते, मग हळूहळू गार पडते. भांड्यातली गार आणि कडक झाली की खाचेतलीही धरत आली समजायचं. तोवर कुणी बोर्डाला हात लावायचा नाही. गार झाली की मला सांगा."

वहिनी उंबऱ्याशी स्टूल घेऊन बसली. भांडं दोन्ही तळव्यांत. थोड्या वेळाने ती दचकली.

"अगबाई, खरंच तापली. केवढी गरम लागतेय."

"लागणारच," काका म्हणाले.

वहिनीने भांडं जवळ घेतलं. बाहेर वारा पडला होता. धक्क्यावरची शिडं लोंबत होती. भिंगरी घोड्याला टेकून आपण तिकडे गेल्यावर केव्हा केव्हा फोन करणार ते सांगत होती, आणि वहिनी हं हं म्हणत होती. ऊन टेबलावरून जमिनीवर उतरलं.

"वहिनी, झाली का गार?" काकांनी आतून विचारलं.

"अजून नाही, भाऊजी."

आत्या शेजारीच बसली होती. तिने हात पुढे करून भांड्याच्या तळाला बोट लावलं. भांडं केव्हाच गार झालं होतं. आतली राळ दगडासारखी कडक होती.

वहिनीने तिच्याकडे बघितलं नाही. तळवे तसेच भांड्याभोवती ठेवले.

"थांब रे जरा," आत्या आत बघून म्हणाली. "अजून गरमच आहे."